ख्रिसमस ट्री निवडताना : फर, स्प्रूस की पाइन?

नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण आटोपला, की अमेरिकेतील शहरांत मोकळ्या मैदानांवर, चर्चच्या आवारात आणि मोठ्या दुकानांच्या दारांत तोडून आणलेल्या ख्रिसमस ट्रींच्या रांगा लागतात. तेथील बहुसंख्य घरांनी आता प्लास्टिकचे झाड स्वीकारले असले, तरी खऱ्या झाडाच्या सुगंधाची ओढ असणारेही कमी नाहीत. तेथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही मुलांच्या हौसेखातर असे झाड घरी आणतात. लांबून ही सारी झाडे सारखीच हिरवी आणि निमुळती दिसतात. प्रत्यक्षात मात्र एखादे महिनाभर टवटवीत राहते, तर एखादे दहा-बारा दिवसांतच घरभर सुया सांडू लागते.

जात ओळखण्याची खूण सोपी आहे. पाइनच्या सुईसारख्या पानांचे जुडगे असते, तर फर आणि स्प्रूसच्या सुया एकेकट्या येतात. अशी एक सुई चिमटीत धरून फिरवावी. स्प्रूसची सुई चौकोनी असल्याने सहज फिरते. फरची चपटी सुई फिरत नाही.

घरात ठेवण्यासाठी फरच उजवे. त्यातही नॉर्थ कॅरोलिनातील फ्रेझर फरला मोठी मागणी असते. वरून गडद हिरव्या, खालून रुपेरी अशा आखूड सुया, जड शोभेच्या वस्तू पेलणाऱ्या फांद्या आणि मंद सुगंध हे त्याचे गुण. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फ्रेझर यांचे नाव धारण करणारे हे झाड मूळचे दक्षिण ॲपलाचियन पर्वतशिखरांवरचे. तेथील त्याची नैसर्गिक वने युरोपातून आलेल्या एका सूक्ष्म किडीने उद्ध्वस्त केली. शेतातील झाडांनाही मूळकुजीचा धोका असतोच. पुरुषभर उंचीचे झाड तयार होण्यास साधारण दहा वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर त्याची चढी किंमत अवाजवी वाटत नाही.

केवळ सुगंधच हवा असेल, तर कॅनडा आणि मेनकडील बाल्सम फर घ्यावा. ओरेगनमधील नोबल फरच्या फांद्या ताठ आणि एकमेकींपासून अंतर राखून असतात. त्यामुळे टांगलेली प्रत्येक वस्तू उठून दिसते. डग्लस फर स्वस्त आणि मऊ असला, तरी वजन पेलत नाही. नावात फर असूनही तो खरा फर नव्हेच. युरोपात नॉर्डमन फर लोकप्रिय आहे. डेन्मार्कमध्ये त्याची मोठी लागवड होते. पण त्याचे बी बहुतांशी जॉर्जियाच्या राचा भागातून येते. तेथील मजूर उंच वृक्षांच्या शेंड्यापर्यंत चढून हे शंकू उतरवतात.

नॉर्वे स्प्रूस मोकळ्या हवेतच शोभतो. १९४७पासून ओस्लो शहर लंडनच्या ट्रॅफल्गार चौकासाठी दरवर्षी पाठवते ते झाड हेच. उबदार खोलीत मात्र त्याच्या सुया लवकर गळतात. निळसर स्प्रूस देखणा. पण त्याच्या सुया टोचतात, तेव्हा रांगते मूल असलेल्या घरात तो नको. स्कॉट्स पाइनची गोष्ट उलटी आहे. तो वाळला तरी सुया सोडत नाही. त्यामुळे तो ताजा भासतो, आणि धोका येथेच आहे. कारण वाळलेले झाड एका ठिणगीने काही सेकंदांत पेटते.

म्हणूनच जातीइतकाच ताजेपणा महत्त्वाचा. फांदी मुठीत धरून हलकेच ओढावी. सुया हातात आल्या, तर ते झाड सोडून द्यावे. घरी आणल्यावर बुंध्याची अर्धा-एक इंच चकती कापून झाड लगेच पाण्यात उभे करावे. विलंब झाल्यास राळेने छेद बंद होतो आणि झाड पाणी शोषत नाही. बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे दिवसाला सुमारे एक लिटर पाणी लागते. ते साधेच असावे. साखर वा औषधे घालण्याची गरज नाही. हीटर आणि शेगडीपासून झाड दूरच ठेवावे.

मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत कुंडीत मिळणारा ‘ख्रिसमस ट्री’ या तिन्हींपैकी कोणीच नव्हे. तो अरौकारिया, प्रशांत महासागरातील बेटांवरचा. दमट उष्ण हवा त्याला मानवते आणि सणानंतरही तो जगतो. खरेदी करताना त्याचा शेंडा शाबूत आहे ना, हे पाहावे. शेंडा मोडला, तर पूर्वीचा सरळ, निमुळता आकार सहसा परत येत नाही.