आगटीभोवतीचा हुरडा

पौषात सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारीचा दाणा चिकात आला, की बांधालगत खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटे. घरचे, पाहुणे, सालगडी भोवती बसत. निखाऱ्यात भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, भूस फुंकायचं, की हुरडा तयार. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. भाजायला जाणताच माणूस लागे, जरा उशीर झाला की दाणा कडक.

१९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेलं ‘एम ३५-१’ वाण रब्बीत सर्वदूर पसरलं. पण ते भाकरीचं. हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरतीचे चार तास वेगळे पेरले जात.

पैसे घेऊन हुरडा खाऊ घालणं जुन्यांना रुचलं नसतं! आता कृषी पर्यटन केंद्रांवर त्याचे दर ठरलेले असतात, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठानं ‘फुले उत्तरा’ हे वाण खास हुरड्यासाठीच दिलं आहे.