खानदेशच्या नद्या आणि समुद्राकडचे पाहुणे

नंदुरबार जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि सागरी जीवांच्या इतिहासातील एक पान त्याच्या नावे लिहावे लागेल, असे आम्ही म्हटले तर वाचकांस ते विपरीत वाटेल. परंतु नकाशा उलगडून पाहावा. उत्तरेस अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या सीमेवरून नर्मदा वाहते. दक्षिणेस प्रकाशे क्षेत्रापाशी गोमाईस पोटात घेऊन तापी पुढे जाते. द्वीपकल्पातील बहुतेक थोर नद्या पूर्वेची वाट धरतात, या दोघी मात्र पश्चिमेस खंबायतच्या आखातास मिळतात. महाराष्ट्रात या दोन्ही नद्यांचा लाभ झालेला दुसरा जिल्हा नाही. नदी डोंगराचे पाणी समुद्राकडे नेते हे सर्वांस ठाऊक आहे. समुद्रातील जीवांस आत येण्याची वाटही तीच, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

नर्मदेच्या मुखाशी नावेतून दिसणाऱ्या जलचरांचे फार जुने वर्णन 'पेरिप्लस' नावाच्या ग्रंथात आढळते. इ. स. च्या पहिल्या शतकात मिसर देशातील कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तो लिहिला. कर्त्याचे नाव उपलब्ध नाही. भडोचास तो बारिगाझा म्हणतो. किनारा दृष्टीस पडण्यापूर्वी समुद्रातून सर्प वर येऊ लागले की भूमी जवळ आली असे समजावे, असे तो सांगतो. आणि कच्छाकडील सर्प मोठे व काळे, तर भडोचाजवळचे लहान, हिरवट व सोन्याची झाक असलेले, असा भेदही करतो. ही खलाशांची भाकडकथा खास नव्हे. समुद्रसर्प तळाशी बुडी मारून भक्ष्य शोधतो आणि श्वासासाठी वर येतो; म्हणून बहुतेक जातींस उथळ, किनाऱ्यालगतचे पाणीच मानवते. जेथे सर्प तेथे तळ जवळ, हे त्या व्यापाऱ्याचे गणित आजच्या प्राणिशास्त्रासही मान्य होईल. होकायंत्र नसलेल्या काळी असले जिवंत खुणेचे दगड केवढे मोलाचे असतील!

याच ग्रंथात आखातातील भरतीचे भयंकर वर्णन आहे. पाणी असे चढे व उतरे की अनोळखी गलबत उलटावे; म्हणून राजाच्या चाकरीतील कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांस भडोचात आणून सोडीत. पैठण व तगर येथील माल गाड्यांतून याच बंदरी येई. देशावरच्या मालाचा आणि समुद्राचा संबंध इतका जुना आहे.

आता या वाटेने उलट येणाऱ्या पाहुण्याकडे वळू. तो म्हणजे पाला मासा. भडोचचे कोळी त्यास चाकसी म्हणतात, बंगाली लोक इलिश. याचे आयुष्य समुद्रात जाते, पण पावसाळ्यात नद्यांस गढूळ पूर आला की हा रुपेरी मासा प्रवाहाविरुद्ध चढतो, गोड्या पाण्यात अंडी घालतो, आणि पिले पुढे समुद्रास जातात. गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात बुकानन-हॅमिल्टन याने १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. सिंधी लोकांचे झुलेलाल याच माशावर आरूढ असतात. पश्चिम किनाऱ्यावर त्याचे मोठे माहेर म्हणजे नर्मदेचे मुख. तापीतही तो चढे.

ही वाट विसाव्या शतकात एकेक करून बंद झाली. तापीवर आधी काकरापारचा बंधारा झाला, नंतर १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले व त्याचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत आला. नर्मदेवर सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली; भिंत १३८.६८ मीटर पातळीपर्यंत चढली आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. सिंधूवर कोटरी येथे १९५५ साली व गंगेवर फराक्का येथे १९७५ साली हेच घडले. पूर्वी प्रयागापर्यंत जाणारा इलिश फराक्क्यापाशी अडला. धरणांनी पाणी व वीज दिली हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अक्कलकुवा व अक्राणीतील तेहतीस गावांस बुडिताची झळ लागली, मणिबेली त्यांत पहिले. आणि खाली भडोचच्या कोळ्याचे जाळे हलके झाले. एकाच भिंतीने वरच्या भिल्लाचे शेत आणि खालच्या कोळ्याचा मासा नेला, हे दोघांनाही एकमेकांविषयी क्वचितच ठाऊक असते. भडोचच्या खाली भाडभूत येथे आता आणखी एका बंधाऱ्याचे काम हाती घेतले आहे. चाकसीची उरलीसुरली वाटही जाईल म्हणून तेथील कोळी त्यास विरोध करीत आले आहेत.

नर्मदाकाठच्या नंदुरबारकरांस नौकाप्रवास आता नित्याचा झाला आहे. पाड्यांकडे जाण्यास रस्ता नाही तेथे नावच, आणि आजाऱ्यांसाठी तरंगता दवाखानाही पाण्यावरूनच फिरतो. प्रवाशास काठावर ऊन खात पडलेली सुसर-मगर दिसते. कोठे कोठे विस्थापितांनी जलाशयात जाळी टाकली आहेत. अशा जलाशयांत सोडतात ते मासे मुख्यतः कटला व रोहू. मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आणि १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी साधलेल्या कृत्रिम प्रजननाच्या विद्येमुळे हौदांत वाढविलेले. समुद्राशी त्यांचा कधी संबंध आला नाही.