संमती, नोंद आणि राखण : न्यूझीलंडच्या प्रादेशिक परिषदा व गोड्या पाण्याचा इतिहास

पाणी उपसण्याचा अथवा पाण्यात काही सोडण्याचा परवाना ही प्रशासकीय कागदपत्रांतील अत्यंत रूक्ष संहिता होय. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे असे तिच्यात प्रथमदर्शनी काहीच आढळत नाही. तथापि न्यूझीलंडमध्ये या संहितेच्या शब्दांवरून जो झगडा दीर्घकाळ चालला, तो दोन भाषांमधील आणि दोन ज्ञानव्यवहारांमधील झगडा आहे. त्याचा निकाल मात्र बऱ्याच अंशी एका साध्या प्रश्नावर अवलंबून राहिला : परवाना दिल्यानंतर तो पुन्हा वाचतो कोण?

१९४१च्या कायद्याने तेथे पूर व जमिनीची धूप यांना आवर घालण्यासाठी पाणलोट मंडळे अस्तित्वात आली. पुढे १९६७च्या जल व मृदसंधारण कायद्याने नैसर्गिक पाणी अडविण्याचा, वळविण्याचा व उपसण्याचा अधिकार राजसत्तेने स्वतःकडे घेतला. अर्जदाराच्या पदरी पडे तो ‘जलहक्क’. १९८९च्या पुनर्रचनेत प्रादेशिक परिषदा स्थापन झाल्या आणि त्यांच्या सीमा मुख्यतः नद्यांच्या पाणलोटांना धरून आखल्या गेल्या. १९९१च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याने ‘हक्क’ हा शब्द मागे सारून ‘संमती’ हा शब्द रूढ केला. मराठीत या दोहोंसाठी सर्रास ‘परवाना’ म्हटले जाते आणि तेथेच अर्थाची एक छटा हरवते. फारसीतून आलेल्या या शब्दात देणाऱ्याचा हुकूम आहे, हक्कात घेणाऱ्याचा दावा आहे. संमती मात्र सशर्त असते, तिला मुदत असते (या कायद्यान्वये जास्तीत जास्त ३५ वर्षे) आणि तिच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे कर्तव्य परिषदेवर येते. संमती देणाऱ्यानेच पुढे तिचे वाचक व्हावे, अशी ही रचना होती.

या संहितेत माओरी शब्दांचा प्रवेश सहजासहजी झाला नाही. १९८३ साली मोटुनुई-वाइतारा प्रकरणी वाइतांगी न्यायाधिकरणाने तारानाकीच्या किनाऱ्यावरील खडकांवर, जेथून ते आतिआवा लोक पिढ्यान्‌पिढ्या अन्न मिळवीत, सांडपाणी सोडण्याविषयीची त्यांची तक्रार ग्राह्य मानली. परंतु परवाने देणारी यंत्रणा अशा आक्षेपांना आध्यात्मिक म्हणून बाजूला ठेवी. जे मोजता येत नाही ते विचारात कसे घ्यावे, असा तिचा पवित्रा असे. १९८७ साली हुआकिना विकास न्यासाच्या दाव्यात उच्च न्यायालयाने तो मोडून काढला. वाद होता एका दुग्धव्यवसायाचे सांडपाणी ओढ्यात सोडण्याचा, म्हणजे अगदी किरकोळ; पण जलहक्काचा अर्ज तपासताना माओरींची आध्यात्मिक व सांस्कृतिक मूल्ये वगळता येणार नाहीत, हे त्यातून प्रस्थापित झाले.

१९९१च्या कायद्यात ‘काइतियाकितांगा’ हा शब्द मूळ रूपातच आला. त्याची तेथील इंग्रजी व्याख्या प्रथम केवळ पालकत्व अशा अर्थाची होती. हे पालकत्व त्या भूमीच्या मूळ लोकांनी आपल्या रीतीप्रमाणे चालवायचे, हा खुलासा १९९७च्या दुरुस्तीने झाला. मधल्या सहा वर्षांत हा शब्द कोणालाही स्वतःला लावता येत होता. भाषांतरामुळे शब्दाचा धनीच बदलू शकतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. कोकणातील ‘राखणदार’ या शब्दाशी त्याची तुलना उद्बोधक ठरेल : तोही जागेशी बांधलेला असतो, माणूस असू शकतो वा दैवत, आणि त्याची नेमणूक कोणत्याही कचेरीतून होत नाही.

शब्द कायद्यात आला, पण तपासणीच्या नोंदवहीत त्याला रकाना मिळाला नाही. २०१०च्या नियमांनी सेकंदाला ५ लिटर वा त्याहून अधिक पाणी उपसणाऱ्या परवानाधारकांवर मोजमापाची सक्ती केली. २०२०च्या दुरुस्तीने दर पंधरा मिनिटांची नोंद रोजच्या रोज परिषदेकडे पाठविण्याचे बंधन टप्प्याटप्प्याने घातले. हे आवश्यकच होते, कारण अंदाजे उपसा नेहमी उपसणाऱ्याच्या बाजूने झुकतो. परंतु वांगानुई नदीचे उगमाकडील पाणी वीजनिर्मितीसाठी वळविण्याच्या संमतीवरून जो वाद झाला, तो लिटरचा नव्हता, मुदतीचा होता. पर्यावरण न्यायालयाने २००४ साली ३५ वर्षांऐवजी १० वर्षांची मुदत दिली. दोन्ही पक्षांची मने जुळायला अवसर मिळावा, हा त्यामागील विचार. अपील न्यायालयापुढे २००९ साली तो निर्णय टिकला नाही. २०१७च्या कायद्याने ही नदी विधिमान्य व्यक्ती ठरली खरी, तथापि आधीच्या संमती त्यामुळे रद्द झाल्या नाहीत.

देखरेखीचे खरे मोल कळले ते हॉक्स बे प्रदेशातील हॅवलॉक नॉर्थ या गावी. गावाचे नाव १८५७च्या युद्धातील सेनानी हेन्री हॅवलॉकवरून पडले आहे. जवळच नेपिअर आणि क्लाइव्ह ही गावे आहेत. साम्राज्याने एका वसाहतीतील विजयांची नावे दुसऱ्या वसाहतीतील मातीवर लिहिली होती. ऑगस्ट २०१६मध्ये मुसळधार पावसानंतर कुरणातील मेंढ्यांची विष्ठा वाहून एका डबक्यात आली आणि तेथून भूजलात, भूजलातून सार्वजनिक कूपनलिकेत शिरली. चौकशी आयोगाच्या अंदाजाप्रमाणे गावच्या सुमारे १४,००० रहिवाशांपैकी ५,५०० आजारी पडले. काहींचा मृत्यूही या साथीशी जोडला गेला. पाण्यावर प्रक्रिया होत नव्हती, कारण तत्कालीन मानकांनुसार कूपनलिकेला ‘सुरक्षित’ असा दर्जा होता. एकदा लागलेल्या या विशेषणाने पुढची सारी तपासणी सैल केली. पाणी उपसण्याची संमती प्रादेशिक परिषदेने दिली होती, पुरवठा जिल्हा परिषद करीत होती. संमतीतील अट ठरावीक साच्याची होती आणि तिच्या पालनाची तपासणी अपुरी, असा ठपका आयोगाने २०१७ साली ठेवला. दोन परिषदांमधील संबंध बिघडलेले होते, हेही त्यात नमूद आहे. प्रादेशिक परिषदेने जिल्हा परिषदेवर अटभंगाचा खटला भरला आणि नंतर तो मागे घेतला. सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे : १९९८ साली याच गावात याच प्रकारची साथ येऊन गेली होती आणि तिची आठवण दोन्ही कचेऱ्यांत उरली नव्हती. आयोगाने ‘सुरक्षित’ हा दर्जाच काढून टाकण्याची शिफारस केली.

‘ते माना ओ ते वाइ’, म्हणजे पाण्याची थोरवी, ही संकल्पना २०१४च्या राष्ट्रीय धोरणात आली होती. २०२०च्या धोरणाने तिला क्रम दिला : आधी पाण्याचे आरोग्य, मग माणसांच्या आरोग्याची गरज, त्यानंतर इतर उपयोग. ऑक्टोबर २०२४च्या दुरुस्ती कायद्यानंतर हा क्रम धोरणाच्या पानावर राहिला. संमतीचा अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याने मात्र तो विचारात घ्यायचा नाही, असे ठरले.