सरकार बुडाले, चाकरी सुटली : १८१८ नंतरचा महाराष्ट्र

१/ ११ फेब्रुवारी १८१८. साताऱ्याचा किल्ला आदल्याच दिवशी इंग्रजांच्या हाती पडला होता. दुसरा बाजीराव फौजेसह मुलूखभर फिरत होता आणि पाठलागावर कंपनीचे पलटण होते. या धामधुमीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला. पेशव्यांचे राज्य संपले, हे त्यातून रयतेला कळवले गेले. त्याच जाहीरनाम्यात आणखी एक कलम होते : बाजीरावाच्या चाकरीत असलेल्या सर्वांनी दोन महिन्यांच्या आत ती सोडून आपापल्या घरी जावे.

२/ हे कलम युद्धाच्या इतिहासात सहसा एका ओळीत उरकले जाते. पण ज्याच्या हाती तो कागद पडला त्याच्या बाजूने पाहिले, तर ती कामावरून काढल्याची नोटीस होती, आणि तीही एका घराण्याला किंवा एका कारखान्याला दिलेली नव्हे, तर एका संपूर्ण राज्यव्यवस्थेच्या नोकरवर्गाला दिलेली. शिलेदार, बारगीर, कारकून, जासूद, हुजरे, गडकरी अशा सर्वांचा धनी एकाच वेळी नाहीसा होत होता.

३/ जाहीरनाम्यात अभयही होते. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांची नेमणूक चालू राहील, असे आश्वासन त्यात दिले होते. येथेच पुढच्या कहाणीची किल्ली आहे. नव्या सरकारने ‘हक्क’ मान्य केला, ‘चाकरी’ नव्हे. ज्याच्याजवळ सनद होती त्याला दाखवण्यासारखे काही होते. ज्याच्याजवळ केवळ तलवार आणि महिन्याचा रोजमुरा होता त्याला घरी जाऊन काय खावे, हे सांगणारे कलम त्यात नव्हते.

४/ सर्वांत वर होते सरदार. त्यांच्याशी एल्फिन्स्टनने सबुरीने व्यवहार केला. पटवर्धनांसारख्या घराण्यांचे जहागिरी मुलूख करार करून राखले गेले. यामागे उदारपणाइतकाच हिशेबही होता. मोठे घर बुडाले की त्याच्या आश्रयाची शेकडो माणसे रस्त्यावर येतात, आणि रस्त्यावर आलेली शस्त्रधारी माणसे नव्या राज्याला परवडत नाहीत, हे त्याला ठाऊक होते.

५/ साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पुन्हा बसवण्यामागेही हा विचार होता. जुन्या दरबारी मंडळींना चाकरीची वाट खुली राहील, असा थोडा मुलूख मराठ्यांच्या हाती असावा, हे कारण एल्फिन्स्टनने स्वतः नोंदवले आहे. म्हणजे राज्यकर्त्यांना बेकारीचा प्रश्न दिसत होता. पण सातारचे नवे राज्य लहान होते. पेशवाईचा सगळा पसारा त्यात सामावणे शक्य नव्हते.

६/ आता घोडेस्वाराकडे पाहू. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, तर शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे असे. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल होते. मुलूखगिरी चालू असेपर्यंत ते भांडवल पोट भरत असे. मुलूखगिरी थांबली की तोच घोडा रोज दाणावैरण मागणारे ओझे ठरला. काही स्वारांना कंपनीने पुण्यास उभारलेल्या घोडदळात जागा मिळाली. परंतु जागा मोजक्या आणि उमेदवार अनेक, अशी ती स्थिती होती.

७/ उरलेल्यांनी नांगर धरावा, हे सांगायला सोपे होते. पण काळ शेतीलाही अनुकूल नव्हता. फौज आणि दरबार हेच धान्याचे मोठे गिऱ्हाईक होते. ते उठून गेले आणि १८२० च्या दशकात दख्खनमध्ये धान्याचे भाव उतरले. त्यातच प्रिंगलच्या पाहणीवर आधारलेली साराआकारणी आली. ती इतकी जड झाली की इंदापूर भागात शेते ओस पडू लागली, आणि १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तेथे नव्याने आकारणी करावी लागली. चाकरी गेलेला माणूस ज्या गावाकडे परतत होता, ते गावच अडचणीत होते.

८/ लेखणीवाल्यांचे दैव वेगळे ठरले. पुण्यात रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज आणि धारवाडला चॅप्लिन असे साहेब कारभारावर बसले. पण गावाचा वसूल किती, कोणाचे वतन खरे, कोणती सनद खोटी, हे सांगणारे कागद मोडीत होते. ते वाचणारा माणूस साहेबाला हवाच होता. त्यामुळे मामलेदार, शिरस्तेदार, कारकून या जागांवर जुन्या कारभाराची माहिती असलेली माणसेच आली. त्यांचा धनी बदलला, पण विद्या तीच राहिली. मोडी सरकारी दफ्तरांत विसाव्या शतकापर्यंत टिकली.

९/ पुढच्या पिढीने त्या विद्येला इंग्रजीची जोड दिली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पडले. त्यांच्या पदरी कारभार पाहणाऱ्या गृहस्थाचा मुलगा १८२३ मध्ये पुण्यात जन्मला, इंग्रजी शिकला, सरकारी भाषांतरकार झाला आणि पुढे न्यायखात्यात मोठ्या पदापर्यंत पोचला. तो मुलगा म्हणजे ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी, गोपाळ हरी देशमुख. एकाच घरात एका पिढीची चाकरी बुडाली आणि दुसरीने नवी वाट काढली.

१०/ विद्वान आणि भिक्षुकवर्गाचा आधार होता दक्षिणा. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास दूरदूरहून ब्राह्मण येत आणि लाखो रुपये वाटले जात. इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, पण तिला बरीच कात्री लावली. त्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. दानावर चालणारी विद्या हळूहळू पगारावर चालू लागली, आणि ज्यांना त्या चौकटीत जागा नव्हती त्यांची मिळकत आटली.

११/ कारागिरांची कथा कमी सांगितली जाते. जिनगर म्हणजे घोड्यांची खोगिरे करणारे. घोडदळच उठल्यावर खोगीर कोण घेणार? १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्याच्या नोंदींत हेच जिनगर धातूचे ओतकाम, मूर्तिकाम, चित्रकाम, कुलुपे-घड्याळांची दुरुस्ती आणि पुस्तकबांधणी करताना दिसतात. खोगिराचे चामडे शिवणारा हात पुस्तकाची पाठ बांधू लागला. सरकारी मदतीशिवाय झालेले हे स्थित्यंतर होते, आणि त्याला काही पिढ्या लागल्या.

१२/ ज्यांची विद्या कोठेच खपली नाही, त्यांत गडांचे राखणदार होते. पुरंदरच्या परिसरातील रामोशी पिढ्यान्पिढ्या गडाची आणि गावाची राखण करत. त्यांच्या हक्कांना पेशवाईच्या अखेरीसच धक्का बसला होता. १८१८ नंतर तर गडाचे लष्करी महत्त्वच सरले. जो गड राखायचा नाही, त्याला राखणदार कशाला? त्यांच्याजवळचे कसब म्हणजे डोंगरवाटांची माहिती, रात्रीचा पहारा, शस्त्र चालवण्याचा सराव. नव्या राज्यात त्या कसबाला मागणी राहिली नव्हती. उलट, तेच कसब आता संशयास्पद ठरत होते.

१३/ उमाजी नाईक याच समाजातले, पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचे. १८२६ च्या सुमारास त्यांनी उठाव उभारला आणि सरकारला वर्षानुवर्षे हैराण केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. बळाने ते हाती लागेनात, तेव्हा सरकारने त्यांना माफी दिली आणि त्यांच्याकडेच बंदोबस्ताची चाकरी सोपवली. म्हणजे या बंडाच्या मुळाशी काय आहे, ते सरकारने आपल्या कृतीने कबूल केले. तो सलोखा टिकला नाही. उमाजी पुन्हा उठले, डिसेंबर १८३१ मध्ये पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर चढले.

१४/ उमाजींचा लढा केवळ रोजगाराचा होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. परकी सत्ता उलथण्याची भाषा त्यात स्पष्ट होती. पण चाकरी आणि मान या तेव्हा वेगळ्या गोष्टी नव्हत्या. गडाची राखण काढून घेणे म्हणजे मिळकतीबरोबर गावातील स्थानही काढून घेणे होते. १८४४ मध्ये कोल्हापूर भागात सामानगडच्या गडकऱ्यांनी बंड केले, तेव्हाही प्रश्न असाच होता.

१५/ आणि जे बाजीरावाबरोबर गेले त्यांचे काय? ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना ८ लाख रुपयांची नेमणूक घेऊन तो कानपूरजवळ ब्रह्मावर्तास राहिला. त्या नेमणुकीवर तेथे एक लहानसा मराठी दरबार तीन दशके जगला. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला आणि कंपनीने ती रक्कम दत्तकपुत्र नानासाहेबांना देण्याचे नाकारले. १८१८ मध्ये ज्यांनी धन्याची पाठ सोडली नव्हती, त्यांच्या घरांवर तेहतीस वर्षांनी तीच वेळ पुन्हा आली.

१६/ १८१८ ची तारीख शाळेच्या पुस्तकात ‘पेशवाईचा अस्त’ म्हणून येते. अस्त एका दिवसाचा असतो. चाकरी गेलेल्या घरांचा हिशेब मात्र दोन-तीन पिढ्या चालला. कोण तरले, हे शौर्यावर किंवा निष्ठेवर ठरले नाही. ज्याच्याजवळ सनद होती, किंवा नव्या धन्याला हवी ती विद्या होती, तो तरला. उरलेल्यांना कोणी घोडा विकून, कोणी सुईदोरा बदलून, तर कोणी डोंगर जवळ करून आपली वाट आपणच शोधावी लागली. जाहीरनाम्यात त्यांना दोन महिन्यांची मुदत तेवढी दिली होती.