दरबाराची मर्जी की माणसाचा हक्क?

गावोगावच्या बैठकांत एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं : "आपल्या पूर्वजांना बेदरच्या बादशहानं बावन्न हक्क दिले होते." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. त्याच अभिमानाची आज चिकित्सा करू. राग मानू नये.

आधी वरच्यांचं पाहू. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या दरबारी हॉवर्ड हे बडं सरदार घराणं. नॉरफोकच्या ड्यूकची भाची ॲन बोलीन आणि पुतणी कॅथरीन हॉवर्ड, दोघी राण्या झाल्या. राजाची मर्जी फिरली आणि १५३६ मध्ये भाचीचं, १५४२ मध्ये पुतणीचं शिर उडालं. भाचीच्या खटल्यात न्यायासनावर खुद्द मामाच बसला होता! १५४७ मध्ये त्याचा मुलगाही गेला.

आपल्या शेजारचं सिंदखेड घ्या. लखुजी जाधव निजामशाहीचे बलाढ्य सरदार. १६२९ मध्ये त्याच निजामशहाच्या दरबारात मुलांसह मारले गेले. म्हणजे मर्जीनं मिळालेलं मर्जीनंच जातं, मग तो सरदार का असेना.

आता वाशिमला या. १७६९ मध्ये पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल वाशिम आणि बाळापूरचं पाच हजार रुपयांचं कापड द्यावं, असं त्यात एक कलम होतं. देणारा कोण, घेणारा कोण, हे इतिहासानं नोंदवलं. सूत कातणारे आणि माग चालवणारे हात कोणाचे, ते नोंदवलं नाही. वाशिमच्या बालाजी मंदिराचंही तसंच. बांधवून घेणारे दिवाण भवानी काळू सगळ्यांना ठाऊक, दगड वाहणारे कोणालाच नाहीत.

सरदार मेला तर दुसरा सरदार आला. खालच्याच्या पाठीवरचं ओझं मात्र तेच राहिलं, कारण ते जातीनं बांधलेलं होतं. हेन्रीच्या दरबारात खाटकाचा मुलगा वूल्सी आणि लोहाराचा मुलगा क्रॉमवेल मंत्रिपदापर्यंत पोचले. तिथंही विषमता होतीच. पण जन्मानं अस्पृश्य ठरलेल्याला इथं दरबार तर सोडाच, गावची विहीरही बंद होती.

मग त्या बावन्न हक्कांत काय होतं? मेलेल्या जनावराचं कातडं, खळ्यावरचं बलुतं, दारोदारची भाकर. बदल्यात रात्रंदिवस राबणूक. बाबासाहेबांनी हा सापळा ओळखला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडलं. वतन हा मान नसून गुलामीची साखळी आहे, हे त्यांनी समाजाला पटवून सांगितलं. आपल्यातल्याच अनेकांना तेव्हा वतन सोडवत नव्हतं, हेही विसरू नये.

संविधानाच्या अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता नष्ट केली आणि लगेच पुढच्या, १८ व्या अनुच्छेदानं पदव्या रद्द केल्या. तळाचा कलंक आणि वरचा किताब, दोन्ही एकापाठोपाठ गेले.

तरी आज काय दिसतं? आपलेच काही कार्यकर्ते मंत्र्याच्या दारात ताटकळतात. एखादं महामंडळ, एखादं तिकीट मिळालं की जयजयकार, काढून घेतलं की रडगाणं. हा नवा दरबार आणि हेच नवे बावन्न हक्क!

तरुणांनो, कुणी काय "दिलं" याचा अभिमान सोडा. बाबासाहेबांनी भीक मागायला नव्हे, हक्क बजावायला शिकवलं. मर्जी फिरते, हक्कासाठी मात्र कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

जय भीम!