घरचा कचरा आता चार वाटण्यांत: शहागडकरांनी काय समजून घ्यावं

केंद्र सरकारचे 'घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६' १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आहेत. त्याआधी २०१६ चे नियम होते, पण त्यांचा भर मुख्यतः शहरांवर होता. नवे नियम ग्रामीण भागालाही धरून आहेत. म्हणजे अंबड तालुक्यात गोदाकाठी वसलेल्या आपल्या शहागडलाही घरोघरच्या कचऱ्याचा विचार आता नव्यानं करावा लागणार आहे. हे नियम काय आहेत, घरात काय बदलेल आणि ग्रामसभेत काय विचारायचं, याची ही माहिती.

जुनं काय, नवं काय?

२०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार होते. वापरलेले डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, अशी तेव्हा सूचना होती. पण सुका कचरा शेवटी कोणाच्या तरी हातानं निवडला जातो. बाटल्या, पुठ्ठे वेगळे काढताना निवडणाऱ्याच्या हाताला डायपर लागायचे. आता हा चौथा प्रकार वेगळा केला आहे. कागदावर हा बदल लहान दिसतो, पण कचऱ्यावर पोट असणाऱ्या माणसासाठी तो मोठा आहे.

चार वाटण्या अशा

ओला कचरा: भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, फुलं, मांस-मासळीचे टाकाऊ भाग. ह्याचं खत किंवा बायोगॅस करायचा.

सुका कचरा: कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा, रबर, लाकूड. हा कोरडा आणि स्वच्छ असला तरच विकला जातो. तेलाची किंवा दुधाची पिशवी टाकण्याआधी एकदा खंगाळून घ्यावी.

सॅनिटरी कचरा: डायपर, पॅड वगैरे. नीट गुंडाळून वेगळा ठेवायचा.

विशेष काळजीचा कचरा: मुदत संपलेली औषधं, ट्यूब, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, रंगाचे डबे. हा रोजच्या कचऱ्यात टाकायचा नाही, ठरवून दिलेल्या केंद्रावर द्यायचा. आपल्याकडे घरोघर कपाशी आहे, त्यामुळे फवारणीच्या औषधाचे रिकामे डबेही घरात असतात. ते धुऊन त्यात पाणी, तेल किंवा धान्य भरणं जिवावर बेतू शकतं. तेही असेच वेगळे ठेवा.

बायका विचारतात, "एवढे डबे ठेवायचे कुठं?" रोज लागतात ते दोनच, ओला आणि सुका. सॅनिटरीसाठी एक झाकणाचा डबा किंवा वेगळी पिशवी पुरते. चौथा प्रकार महिन्यातून एखाद्या वेळी निघतो, त्याला जुना खोका चालतो. ज्यांच्या दारात शेळ्या आहेत त्यांचा ओला कचरा तर निम्मा तिथंच संपतो. फक्त शिळं अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका. जनावर पिशवीसकट खातं.

एकत्र टाकला तर काय होतं?

ओल्यात मिसळलेला पुठ्ठा भंगारात जात नाही आणि प्लास्टिक मिसळलेल्या ओल्याचं खत होत नाही. मग असा कचरा जाळायचा किंवा कुठंतरी नेऊन टाकायचा, एवढंच उरतं. प्लास्टिक जाळल्याचा धूर विषारी असतो आणि तो आधी आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. नदीकाठी टाकलेला कचरा पुरात वाहतो आणि खालच्या गावांच्या पाण्यात उतरतो.

छत्रपती संभाजीनगरनं हे भोगलं आहे. नारेगावच्या कचरा डेपोला कंटाळलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्यात कचरा टाकायला विरोध झाला, तेव्हा दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेली. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकला की भांडण ठरलेलं. गावातही नियम तोच. ज्या मोहल्ल्याचा आवाज कमी, त्याच्या शेजारी उकिरडा होतो. म्हणून कचऱ्याची जागा ठरवताना आपण हजर असलं पाहिजे.

पैसा कुठून येतो?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२०-२१ पासून, घनकचऱ्यासाठी निधीचं प्रमाण ठरलेलं होतं. ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला दरडोई ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला दरडोई ४५ रुपयांपर्यंत. ८,००० वस्तीच्या गावाचा हिशोब ३,६०,००० रुपये होतो. त्यातला ३० टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. शिवाय घरपट्टीसोबत आपण आरोग्य कर भरतो, तोही स्वच्छतेसाठीच असतो.

घंटागाडीसाठी वेगळं शुल्क लावायचं ठरलं, तर आधी गाडी नियमित यायला हवी. संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं पूर्ण कर भरणाऱ्या घरांना गिरणीवर मोफत दळण दिलं. पैशाचं काम डोळ्यांना दिसलं की लोक कर भरतात.

भंगारवाल्याचं काय?

फेरीवर फिरणारे आणि भंगाराची दुकानं चालवणारे बरेच जण आपल्याच समाजातले आहेत. उद्या सगळा सुका कचरा पंचायतीच्या गाडीत गेला तर त्यांच्या रोजीवर गदा येईल. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावं, हे २०१६ च्या नियमांतही होतं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेसोबत दारोदार कचरा गोळा करते. गावात एवढं मोठं नको. सुका कचरा निवडायची जागा, हातमोजे, ओळखपत्र आणि विकलेल्या मालाचा पैसा त्यांच्याच हाती, एवढं झालं तरी पुष्कळ.

बकरी ईद आणि दावती

यंदा बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात अपेक्षित आहे. कुर्बानीचे टाकाऊ भाग नाल्यात किंवा नदीकडे जाता कामा नयेत. जमातीनं ईदच्या आधीच ग्रामपंचायतीशी बोलून विहिरी आणि नदीपासून लांब, उंचावरची जागा मागावी. खोल खड्डा करून चुना आणि वर भरपूर माती टाकली तर वास येत नाही आणि कुत्री उकरत नाहीत. रक्त धुतलेलं पाणी रस्त्यावर सोडू नये. वलीमा आणि दावतींतल्या थर्माकोलच्या ताटांवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे. मोहल्ल्याची सामाईक स्टीलची भांडी घेतली तर दर दावतीचा खर्चही वाचतो.

ग्रामसभेत विचारायचे पाच प्रश्न

१. घंटागाडी कोणत्या गल्लीत, किती वाजता, आठवड्यातून किती वेळा येणार?
२. गाडीत वेगळे कप्पे असतील का? घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एक होत असेल तर लोक महिन्याभरात कंटाळतील.
३. ओल्या कचऱ्याचं खत कुठं होणार? यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत विटांच्या १० बाय ६ बाय ३ फुटी टाक्यात सुमारे तीन-चार महिन्यांत खत देते.
४. निवडीची जागा कुठं आणि ती ठरवताना कोणाला विचारलं?
५. सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा गावाबाहेर कोण, कधी नेणार?

राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि त्यांच्या आधी महिलांची सभा. डबा भरतो कोण, उचलतो कोण, हे घरातल्या बाईला जास्त ठाऊक असतं. तिनं त्या सभेत बोललंच पाहिजे. ठराव झाला तर तो गावाच्या विकास आराखड्यात आला का, तेही पाहा.

वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा आपल्याकडे ईमानाचाच भाग मानला आहे. तहारत आपण लहानपणापासून शिकतो, वुजूचं पाणीही जपून वापरतो. तीच शिस्त उंबऱ्याबाहेर, गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची आहे. घंटागाडी येईल तेव्हा येईल, दुसरा डबा मात्र आजच घरात ठेवता येतो.