स्नोब्लोअरचे झिजलेले पार्ट्स घरच्या घरी कसे बदलायचे?

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गॅरेजमध्ये अनेकदा दिसणारं मशीन म्हणजे स्नोब्लोअर. घरासमोर साचलेला बर्फ आत ओढायचा आणि लांब फेकायचा, एवढंच त्याचं काम. क्युबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये रस्त्यांसाठी असं मशीन बनवलं. आता त्याची छोटी रूपं घरोघरी पोहोचली आहेत. यातले काही पार्ट्स झिजण्यासाठी किंवा तुटण्यासाठीच बनवलेले असतात. ते स्वस्तही असतात. पण वेळेवर बदलले नाहीत, तर त्यांच्यामागचा महागडा पार्ट जातो.

स्नोब्लोअर काम कसा करतो?

सिंगल-स्टेज मशीनमध्ये रबरी पॅडल्स असतात. ती जमिनीला घासत बर्फ उचलतात आणि थेट बाहेर फेकतात. टू-स्टेजमध्ये पुढचा लोखंडी स्क्रू, म्हणजे ऑगर, बर्फ मध्यभागी आणतो आणि मागचा वेगवान पंखा तो चुटमधून उडवतो. तुमचं मशीन कोणत्या प्रकारचं आहे, त्यावरून कोणते पार्ट्स झिजणार हे ठरतं.

आधी बोटं सांभाळा

- इंजिन बंद करून किल्ली काढा, सगळं थांबू द्या आणि मग स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरीच काढा.
- चुटमध्ये हात कधीच घालू नका. बेल्टमध्ये ताण शिल्लक असू शकतो. त्यामुळे अडकलेला बर्फ सुटताच, इंजिन बंद असतानाही पंखा झटका देऊन फिरू शकतो. बर्फ काढायला मशीनसोबत आलेली काठी वापरा.
- बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जाऊ शकतो.

बरोबर पार्ट कसा शोधायचा?

इथे तुमचा फोन कामाला येतो. मशीनच्या बॉडीवरच्या प्लेटचा फोटो काढा. त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो. इंजिनचा नंबर वेगळा असतो, त्याचाही फोटो घ्या. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की बहुतेक वेळा पार्ट्सची आकृती मिळते. त्यातला पार्ट नंबर बघूनच ऑर्डर करा. 'दिसायला सेम आहे' म्हणून घेऊ नका.

१. शिअर पिन (टू-स्टेज)

ही पिन म्हणजे मशीनचा फ्यूज. ऑगरमध्ये दगड किंवा गोठलेला पेपर अडकला की ती तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. ऑगरची एक बाजू फिरत नसेल, तर बहुधा पिन तुटलेली असते. तुकडे पंचने बाहेर काढा, भोकं जुळवा आणि नवीन पिन बसवा.

पिनच्या जागी साधा मजबूत बोल्ट लावणं म्हणजे फ्यूजऐवजी जाड तार लावणं. बोल्ट तुटणार नाही, गिअरबॉक्स फुटेल.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ऑगर गंजून शाफ्टला चिकटला, तर पिन असूनही उपयोग नाही. म्हणून सीझनच्या आधी पिना काढा, ऑगर हाताने फिरवून बघा आणि शाफ्टला ग्रीस द्या.

२. स्किड शू आणि स्क्रेपर बार

स्किड शू म्हणजे दोन्ही बाजूंचे पाय आणि स्क्रेपर बार म्हणजे खालच्या कडेची पट्टी. शू झिजले की पट्टी जमिनीला घासते आणि पट्टी संपली की बॉडीच झिजायला लागते. बऱ्याच मशीनचे शू उलटे करूनही वापरता येतात.

सेटिंग सोपं आहे. सपाट जमिनीवर स्क्रेपरखाली साधारण ३ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा, शूचे नट सैल करा, शू जमिनीला टेकवा आणि नट घट्ट करा. खडीचा रस्ता असेल तर उंची बरीच वाढवा, नाहीतर दगड उडतील.

३. रबरी पॅडल्स (सिंगल-स्टेज)

बर्फ जवळच पडतोय किंवा जमिनीवर थर राहतोय? मग पॅडल्स झिजली आहेत. काही मॉडेल्सच्या पॅडलवर खुणेचं भोक असतं. झीज तिथपर्यंत आली की बदलायचं. सगळी पॅडल्स एकदमच बदला. पॅडलसोबत स्क्रेपर पट्टीही तपासा.

४. बेल्ट

जळक्या रबराचा वास येत असेल किंवा जड बर्फात ऑगर थांबत असेल, तर बेल्ट बघा. तडे, सुटलेले धागे किंवा कडेला आलेली चकाकी दिसली की तो बदलायचा. जुना काढण्याआधी तो कोणत्या पुलीवरून कसा जातो, याचे दोन-तीन फोटो काढा. काही टू-स्टेज मशीन यासाठी मधून उघडावी लागतात. ते जमणार नसेल तर मेकॅनिककडे द्या.

हे सगळं कधी करायचं?

ऑक्टोबरमध्ये. पहिलं मोठं वादळ आलं की दुकानात गर्दी होते आणि पार्ट मिळेपर्यंत फावडं हातात घ्यावं लागतं. शिअर पिनचा एक जादा सेट गॅरेजमध्ये कायम ठेवा. त्या बहुधा ऐन बर्फातच तुटतात.